उजवा गाल

“मला माझं तोंड तीस वर्षं मागं न्यायचंय. जमंल का तेवढं बोला.”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बाईंनी हा प्रश्न टाकला. सोबत तिशीची मुलगी होती. ती आईच्या पाठीमागं उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती, ‘नाही म्हणा, नाही म्हणा.’ असल्या खुणांचा मला भयंकर राग येतो. मी कातडीची डॉक्टर आहे, घरच्या भांडणातली पंच नाही.

“मागं न्यायला हा काय एसटीचा रिव्हर्स गिअर आहे?” मी म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. “एसटीच चालवली बत्तीस वर्षं. रिव्हर्स मला येतो. तुमचं सांगा.”

आणि हसता हसता त्यांनी मान वळवली, तेव्हा मी जरा पुढं सरकून बसले. डावीकडून बघितलं तर बाई पन्नाशीच्या, गाल भरलेला, डोळ्याशी हसण्याच्या चार रेघा. उजवीकडून बघितलं तर पंचाहत्तरीच्या. गाल ओघळलेला, जाड, काळवंडलेला, सुरकुत्यांचं नुसतं जाळं. नाकावरून कुणी रेघ ओढून दोन बायकांचे अर्धे अर्धे चेहरे जोडावेत तसं. प्रत्यक्षात वय एकसष्ट. नाव सारिका लवटे. एसटीत बायका ड्रायव्हर म्हणून लागायला लागल्या, त्या सुरुवातीच्या बॅचमधल्या एक.

“रूट कुठला होता?”

“सोलापूर-बार्शी, वाटेत वैराग. सकाळी बार्शीला जायचं, दुपारी परत यायचं.”

मी मनात नकाशा मांडला आणि कपाळाला हात लावला. बार्शी सोलापूरच्या उत्तरेला. सकाळी उत्तरेला तोंड करून गाडी हाकायची, तेव्हा पूर्वेचं ऊन उजव्या खिडकीतून. दुपारी दक्षिणेला तोंड करून परतायचं, तेव्हा पश्चिमेचं ऊन, तेही उजव्याच खिडकीतून! डाव्या गालाला बत्तीस वर्षांत ऊन लागलं असेल ते सुट्टीच्या दिवशी.

“काच तर लावत होते की मी,” बाई म्हणाल्या.

खिडकीच्या काचेवर लोकांचा फार विश्वास असतो. कातडी भाजणारे किरण काच अडवते, म्हणून चटका बसत नाही आणि आपल्याला वाटतं, सुटलो. पण त्याहून लांब लहरींचे किरण काचेतून बिनबोभाट आत येतात आणि कातडीत खोलवर उतरतात. तिथं जे धागे कातडी ताणून धरतात, त्यांचे तुकडे करतात. एका दिवसात काही दिसत नाही. वीस वर्षांनी आरशात दिसतं.

आता माझ्या यंत्राबद्दल सांगते, कारण ते माझं लाडकं आहे आणि मी ते लपवत नाही. कंपनीनं ठेवलेलं लांबलचक नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. आम्ही त्याला ‘वाचक’ म्हणतो. मी शिकले त्या काळचे लेसर कातडीला हजारो बारीक भोकं पाडायचे आणि बाकीचं देवावर सोडायचे. आपल्या सावळ्या कातडीवर तर हमखास डाग पडायचे. सुरकुती गेली आणि काळा डाग आला, हे मी माझ्या हातानं केलेलं आहे आणि त्याबद्दल शिव्याही खाल्लेल्या आहेत. वाचक आधी मंद प्रकाश टाकून कातडी नुसती वाचतो. धड धागा एका रंगाचा प्रकाश परत पाठवतो, उन्हानं तुटलेला धागा दुसऱ्या रंगाचा. पडद्यावर थराथरांचा नकाशा उमटतो. मग लेसरचे ठोके पडतात ते फक्त तुटलेल्या धाग्यांवर, आणि इतके झटपट की शेजारच्या पेशीला ऊबसुद्धा लागत नाही. त्यानंतर दुसरा, सौम्य किरण झोपलेल्या पेशींना उठवतो. नवे धागे त्या विणतात, यंत्र नाही. ना सुरी, ना टाका, ना सुई. आणि हसण्याच्या रेघा राहतात, कारण त्या उन्हानं पडलेल्या नसतात. अकरा वर्षं झाली, पण पडद्यावर नकाशा उमटायला लागला की मी आजही खुर्ची ओढून बसते.

“पण पंचवीसेक वर्षांच्या पलीकडं हा नेत नाही,” मी म्हणाले. “आणि तीसच कशाला हवीत तुम्हाला?”

बाईंनी मुलीकडं बघितलं. उत्तर तिनं, मयूरीनं, दिलं. “बाबा आईला ओळखत नाहीत.”

नागनाथ लवटे हे त्याच गाडीचे कंडक्टर. पस्तीस वर्षांपूर्वी ड्युटीवरच दोघांची ओळख झाली, मग लग्न झालं. चार वर्षांपूर्वी त्यांना विसरायचा आजार लागला. औषधांनी आता हा आजार सावकाश चालतो, पण चालतोच. त्यात अलीकडची वर्षं आधी पुसली जातात आणि माणूस मागच्या कुठल्या तरी वर्षात जाऊन राहतो. नागनाथराव तीस वर्षांपूर्वीच्या एसटीत राहत होते.

“त्यांच्या डोक्यात मी तिशीची आहे,” सारिकाबाई म्हणाल्या. “मी जेवण घेऊन गेले की विचारतात, मावशी, कुठं उतरायचं? काल म्हणाले, मावशी, तुमचा आवाज आमच्या ड्रायव्हरबाईंसारखा आहे. त्यांना आवाज कळतो आणि तोंड जुळत नाही. मग घाबरतात. म्हणून म्हणते, तोंड जुळवून द्या.”

मला गोड बोलून वेळ मारून नेता येत नाही. “सारिकाबाई, आज ते तीस वर्षं मागं आहेत. उद्या पस्तीस जातील. त्याच्या मागं तुमची ओळखच नव्हती. तिथं कुठलाच चेहरा कामाचा नाही.”

“म्हणून तर घाई आहे,” त्या म्हणाल्या. “मधी पाचच वर्षं उरलीत.”

मयूरी रडवेली झाली होती. “डॉक्टर, साठीला आईनं हे करायचं, आणि एवढं करून बाबांनी नाहीच ओळखलं तर? ती उभी राहायची नाही परत.”

पोरीचंही चुकत नव्हतं. माणूस बघितल्याशिवाय यंत्र चालू करायचं नाही, हा माझा नियम आहे. म्हटलं, रविवारी घरी येते.

जुळे सोलापूर भागात त्यांचं घर होतं. बैठकीच्या खोलीत खाट, खाटेवर नागनाथराव. सडपातळ माणूस, दाढी गुळगुळीत, खांद्याला कंडक्टरची जुनी चामडी बॅग. मला बघताच म्हणाले, “या ताई, आत सरका, दारात उभं राहू नका.” मी निमूट आत सरकले.

सारिकाबाई चहा घेऊन आल्या आणि खाटेजवळच्या खुर्चीत बसल्या. नागनाथरावांनी त्यांच्याकडं बघितलं आणि आदबीनं म्हणाले, “मावशी, वैराग आलं की उठवतो. डोळा लागला तरी चालंल.”

“बरं मास्तर,” बाई म्हणाल्या. एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो. बाईंचा आवाज अगदी साधा होता. मी चहाचा कप खाली ठेवला.

तेवढ्यात साखरेच्या डब्याचं झाकण पडलं आणि गडगडत खाटेच्या पलीकडं गेलं. बाई वळसा घालून तिकडं गेल्या, खाली बसल्या, झाकण उचललं. तोंड खिडकीकडं होतं. त्यांचा डावा गाल नवऱ्याकडं आला.

“सारिका,” नागनाथराव एकदम म्हणाले, “पुढं म्हशी आहेत बघ. हळू घे.”

सारिकाबाई जागच्या जागी थिजल्या.

“वळू नका!” मी जवळजवळ ओरडलेच.

त्या वळल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “बघितल्या मास्तर. हॉर्न दिलाय.”

“गेल्या?”

“गेल्या.”

नागनाथरावांनी खाटेच्या दांडीवर बोटानं दोनदा वाजवलं. टक टक. डबल बेल. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, एवढं एसटीत बसलेल्या कुणालाही कळतं. बाईंच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली, आणि ते पाणी पुसताना त्या चुकून वळल्या. पूर्ण चेहरा उजेडात आला.

“अहो मावशी,” ते गडबडून म्हणाले, “तिथं नका बसू. ड्रायव्हरची जागा आहे ती.”

नंतर ओट्याशी उभं राहून मी मयूरीला विचारलं, ही खाट पहिल्यापासून अशीच आहे का? तर नाही. गेल्या नागपंचमीला तिनंच फिरवली होती, बाबांना बाथरूम जवळ पडावं म्हणून. त्याआधी? त्याआधी बाबा नेहमी आईच्या डाव्या हाताला. टीव्ही बघताना, जेवताना, अंगणात, कुठंही. दोघांनी ठरवून केलं नव्हतं. गाडीत ड्रायव्हर उजवीकडं बसतो आणि कंडक्टर त्याच्या डावीकडून बघतो. बत्तीस वर्षांची ती सवय घरात तशीच चालू राहिली होती. उजवा गाल त्या माणसानं जवळून फारसा बघितलाच नव्हता!

“आणि बाबा आईला मावशी कधीपासून म्हणायला लागले?”

मयूरीनं बोटं मोजली आणि तोंडावर हात घेतला. “नागपंचमीनंतरच. आम्हाला वाटलं आजार वाढला.” मग ती ढसाढसा रडायला लागली. सारिकाबाईंनी तिला जवळ घेतलं. “वेडी का काय तू? बाप पडू नये म्हणून फिरवलीस ना? मग?”

मी दोघींना सांगून टाकलं, खाट पुन्हा फिरवा. लेसर लागत नाही. माझा एक पेशंट कमी झाला तर माझं काही बिघडत नाही.

पंधरा दिवसांनी सारिकाबाई एकट्याच दवाखान्यात हजर.

“काय हो? ओळखतात ना?”

“ओळखतात की! दिवसभर बोलतात. वैरागच्या स्टँडवरची भजी, बार्शीचा बाजार, सगळं.” मग म्हणाल्या, “पण डॉक्टर, पंधरा दिवस झाले, मी त्यांच्याकडं बघितलेलं नाही.”

“म्हणजे?”

“बघायला गेलं की तोंड वळतं. तोंड वळलं की मी मावशी. म्हणून समोरच्या भिंतीकडं बघत बसते, गाडीत बसल्यासारखी. ते हसले की नुसता आवाज ऐकते. ड्युटीवर समोरच बघावं लागायचं, मागं पन्नास माणसांचा जीव असायचा. तेव्हा मनात म्हणायचे, रिटायर झालो की मी ह्या माणसाला पोटभर बघणार आहे.” त्या पुढं सरकल्या. “आता रिटायर होऊनपण समोरच बघू का मी?”

इतकी वर्षं हा धंदा करते आहे. वाढदिवस, लग्नं, मुलाखती, शेजारीण, जाऊबाई, सगळी कारणं ऐकून झाली. नवऱ्याकडं बघता यावं म्हणून तोंड बदलायला आलेली ही पहिलीच बाई.

“तीस वर्षं विसरा,” मी म्हणाले. “तुमचाच डावा गाल नमुना म्हणून घेते. उजवा त्याच्याएवढा करायचा, त्याहून एक दिवसही लहान नाही. त्यांच्या ओळखीचा चेहरा तोच आहे.”

वाचकानं उजवा गाल वाचला तेव्हा मी त्यांनाही पडदा दाखवला. तुटलेल्या धाग्यांचा लालभडक पट्टा, कानशिलापासून हनुवटीपर्यंत. मध्येच एक आडवी हिरवी रेघ, निरोगी.

“ही काय?” मी विचारलं.

“गॉगलची दांडी,” बाई म्हणाल्या आणि कौतुकानं बघतच राहिल्या. “आईशप्पथ! तेवढीच वाचली?”

तीन बैठका ठरल्या, प्रत्येक वेळी महिनाभराचं अंतर. पहिल्या बैठकीनंतर गाल टोमॅटोसारखा लाल झाला, मग सालं निघाली. बाई तिकडून ओढणी घ्यायच्या आणि डावी बाजू नवऱ्याकडं धरून बसायच्या. शेजारणींना चघळायला विषय मिळाला. “लवटेबाई, ह्या वयात कुणासाठी हो?” तर बाई म्हणायच्या, “आमच्या कंडक्टरसाठी. तुम्हाला काय, मागच्या सीटवर बसा गपचूप.” दुसऱ्या बैठकीनंतर जाळं विरायला लागलं. गाल वर आला. मी दर आठवड्याला नकाशा बघायचे. लाल धाग्यांच्या जागी हिरवे धागे दिसायला लागले होते, आणि ते विणकाम बघून मी आमच्या सिस्टरला दहादा बोलवायचे, अगं ये, बघ तरी!

आणि मग एका सकाळी बाई न सांगता आल्या. चेहरा उतरलेला.

“काल म्हणाले, उद्यापासून आपल्या गाडीवर नवीन ड्रायव्हर येणार आहे. बाई आहे म्हणे.”

मला काय ते कळलं. मधल्या पाच वर्षांतलं शेवटचंही संपत आलं होतं; नागनाथराव दोघांची ओळख होण्याच्या आदल्या दिवसावर पोचले होते.

“आज करा तिसरी,” त्या म्हणाल्या.

मी नकाशा काढला. नवे धागे कोवळे होते. वाचकानं स्पष्ट आकडा दाखवला: अकरा दिवस. त्याआधी ठोके मारले तर कोवळे धागेच जळणार, डाग पडणार, आणि गाल पहिल्यापेक्षा वाईट होणार. मी नाही म्हणाले. बाई माझ्यावर चिडल्या, अगदी तोंडाला येईल ते बोलल्या. “तुमच्या मशीनला दिवस मोजता येतात, माझ्या माणसाचे कुणी मोजायचे?” मी ऐकून घेतलं. माझाही पारा चढला होता, पण त्यांच्यावर नव्हे. मग मी पाणी दिलं आणि सांगितलं की ही आठवण सरळ रस्त्यानं मागं जात नाही, मागंपुढं हेलकावे खाते. अजून चांगले दिवस येतील. हे खरं होतं. पण किती येतील, ते मला ठाऊक नव्हतं आणि मी तसं सांगितलंही.

बाराव्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी त्या पायरीवर बसलेल्या होत्या.

तिसरी बैठक झाली. लाली उतरेपर्यंत नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी सकाळी मयूरीचा फोन आला. “डॉक्टर, आई म्हणते तुम्ही पण या. तिला एकटीला धीर होत नाहीये.”

मी गेले. नागनाथराव खाटेवर बसले होते, बॅग खांद्याला. सारिकाबाई आतल्या दारात. साधं निळं लुगडं, केसांचा अंबाडा. त्यांनी मला बघून चेहरा उजेडात धरला, पेशंटसारखा, तपासायला. आणि खरं सांगते, मला माझ्या यंत्राला नमस्कार करावासा वाटला. रेघ नव्हती. दोन बायका नव्हत्या. पिकल्या केसांची, हसऱ्या डोळ्यांची एकच बाई होती, सबंध.

“जा,” मी म्हणाले.

“नाही ओळखलं तर?”

“तर मी आहे, मयूरी आहे. जा.”

बाईंनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि बरोबर नवऱ्याच्या समोर ठेवली. बसल्या. भिंतीकडं नाही, खिडकीकडं नाही. सरळ त्यांच्या तोंडाकडं बघत बसल्या. हात मांडीवर घट्ट धरलेले.

नागनाथरावांनी वर बघितलं. मयूरीनं माझा दंड इतका आवळला की दोन दिवस दुखत होता. ते बाईंचा डावा गाल बघत होते, मग उजवा, मग पुन्हा डावा. कपाळाला आठी पडली. ओठ हलले, पण काही आलं नाही. मला वाटलं, संपलं, उशीर झाला.

“सारिका?”

बाईंनी मान हलवली.

आणि त्या माणसाचा चेहरा एकदम घाबराघुबरा झाला. त्यानं खाटेच्या दांडीवर जोरात एकदा वाजवलं. टक. एक बेल. थांब.

“अगं, इकडं काय बघतेस? पुढं बघ! गाडी कोण चालवतंय?”

सारिकाबाईंनी पुढं वाकून त्यांचा तो हात दोन्ही हातांत धरला. हसत होत्या आणि रडत होत्या. नजर मात्र त्यांनी तसूभरही हलवली नाही.

“गाडी स्टँडला लागली मास्तर,” त्या म्हणाल्या. “सगळे उतरले.”

“सगळे?”

नागनाथरावांनी खोलीभर नजर फिरवली. मयूरीवरून ती माझ्यावर येऊन थांबली. कंडक्टरची नजर, एकही सीट न सोडणारी.

“आणि ह्या ताई?”

“उतरते हो मास्तर,” मी म्हणाले. पर्स उचलली, मयूरीला हाताला धरलं, आणि आम्ही दोघी उतरलो.